पारदर्शक बारोच्या आत : फिलिपिन्समधील स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी फिलिपिन्समधील दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षण घेत आहे. ती ज्यांच्या घरी भाड्याने राहते त्या आजींनी तिला आपल्या आईच्या पेटीतला, खालच्या काठाला दाट भरतकाम असलेला एक पांढरा परकर दाखवला आणि तो बाहेर दिसण्यासाठी नव्हे, आतून घालण्यासाठी होता असे सांगितले. आमच्याकडे पणजी-आजीच्या पिढीतल्या बायका लुगड्याच्या आत वेगळे असे काही घालत नसत. तेव्हा फिलिपिन्समध्ये हे आतले कपडे मूळचेच होते, की स्पॅनिश लोकांनी आणले? मुलीच्या वर्गातील मैत्रिणी म्हणतात की पाद्र्यांनी लाज शिकवली आणि त्यातून हे सारे आले. हे खरे आहे काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, मैत्रिणींचे म्हणणे अगदीच चूक नाही, परंतु ते अर्धे आहे. चर्चचा वाटा आहेच. मात्र मला विचाराल तर कापडाचा वाटा त्याहून मोठा आहे, आणि तो समजण्यासाठी स्पॅनिश सत्तेच्या आधीपासून पाहावे लागते.

मॅगेलनच्या सफरीबरोबर १५२१ मध्ये सेबू बेटावर पोहोचलेल्या आंतोनियो पिगाफेत्ताने तेथील काही मुलींच्या अंगावर झाडाच्या सालीपासून केलेले, कमरेपासून गुडघ्यापर्यंत लोंबणारे वस्त्र एवढेच होते, असे नोंदवले आहे. मात्र त्याच सफरीत त्याने तेथील राणीला पांढऱ्या-काळ्या वस्त्रात पाहिले. म्हणजे साऱ्याच स्त्रिया उघड्या वावरत असा समज करून घेण्याचे कारण नाही. मनिलामध्ये अधिकारपदावर राहिलेल्या आंतोनियो दे मोर्गाचे पुस्तक १६०९ मध्ये मेक्सिकोत छापले गेले. त्यात लुझोन बेटावरील स्त्रियांच्या पोशाखाचे वर्णन अधिक नेमके आहे : वर ‘बारो’ नावाचे बाह्यांचे आखूड, रंगीत पोलके, खाली कमरेभोवती गुंडाळून पायांपर्यंत सोडलेले पांढरे सुती वस्त्र आणि त्यावर आणखी एक रंगीत वस्त्र. स्पॅनिश स्त्रिया अंगाला लागून जो सदरा घालतात तो येथील स्त्रिया घालत नाहीत, हेही तो आवर्जून लिहितो. अंतर्वस्त्र नसल्याची ही नोंद एका स्पॅनिश पुरुषाच्या डोळ्यांना जाणवलेल्या उणिवेची आहे. ज्या स्त्रियांविषयी ती आहे त्यांच्या लेखी कमरेभोवती दोन वस्त्रे असताना काही कमी होते असे मानण्यास आधार नाही.

आपल्याकडचा दाखला येथे उपयोगी पडतो. नऊवारी लुगड्याचा काष्टा दोन्ही पायांमधून मागे खोचला जातो आणि छातीवर गाठीची घट्ट चोळी असते. वस्त्र स्वतःच आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही कामे करते, म्हणून निजामाच्या राजवटीतील आपल्या पणज्यांना निराळ्या कपड्याची गरज पडली नाही. पुढे गोल साडी आली, तिच्या निऱ्या खोचायला नाडी लागली आणि जो परकर पूर्वी लहान मुलींचा उघड उघड बाहेरचा पोशाख होता तो मोठ्या बायकांच्या साडीखाली गेला. लाज कालही होती आणि आजही आहे. बदलली ती नेसण्याची रीत.

फिलिपिन्समध्ये असाच बदल घडला, पण काहीसा उलट्या दिशेने. कमरेभोवती गुंडाळण्याचे जे जुने वस्त्र, म्हणजे ‘तापिस’, ते स्पॅनिश काळात नाहीसे झाले नाही. त्याच्या आत ‘साया’ हा लांब घेरदार घागरा आला, सायाच्या आत ‘नाग्वास’ हा पांढरा परकर आला, आणि एके काळी जे कातडीला लागून होते ते तापिस सर्वांत बाहेर, गडद रंगाच्या आखूड आवरणासारखे उरले. मुलीला त्या आजींनी जे दाखवले ते बहुधा असे नाग्वासच असावे. त्याच्या खालच्या काठाला भरतकाम असण्याचे कारणही व्यावहारिक आहे. चालताना, पायरी चढताना किंवा चिखल चुकवताना साया हाताने किंचित उचलून धरावा लागे आणि तेव्हा आतल्या काठाची चार बोटे दिसत. जे चुकूनच दिसायचे त्यावर एवढी मेहनत घेतली जाई, यावरून त्या चुकून दिसण्याची वाट कोणीतरी पाहत असणार, असे म्हणायला हरकत नाही.

वरच्या अंगाची गोष्ट अधिक रंजक आहे. अननस ही वनस्पती स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिका खंडातून तेथे गेली. तिच्या पानांतून काढलेल्या धाग्याचे ‘पिन्या’ नावाचे कापड पनाय बेटावरील अकलान आणि इलोइलो या भागांत विणले जाऊ लागले. पानाची वरची साल खरवडून निघणारे तंतू एकेक करून गाठी मारत जोडायचे आणि मग हातमागावर विणायचे, असे हे अतिशय किचकट काम आहे. अकलानच्या या विणकामाला डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. हे कापड हलके, किंचित ताठ आणि काचेसारखे आरपार असते. तेथील दमट उकाड्यात ते अंगाला चिकटत नाही, म्हणून सुखाचे. शिवाय महाग, म्हणून प्रतिष्ठेचे. दामियान दोमिंगो (१७९६–१८३४) या मनिलाच्या चित्रकाराने काढलेल्या निरनिराळ्या थरांतील स्त्री-पुरुषांच्या चित्रांत बारो इतका आखूड आणि विरळ दिसतो की तो जेमतेम सायाच्या कमरपट्टीला टेकतो. त्यावर खांद्यांवरून त्रिकोणी घडीचा ‘पान्युएलो’ रुमाल येई, आणि झाकण्याचे बरेचसे काम त्या रुमालावर सोपवलेले असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र पारदर्शक बारोच्या आत ‘कोर्पिन्यो’ ही बिनबाह्यांची तंग काचोळी आणि ‘कामिसोन’ हा सैल लांब सदरा रूढ झाला. केवळ धर्मोपदेशाने हे व्हायचे असते तर त्याआधीच्या तीनशे वर्षांतच व्हायला हवे होते, कारण १५६५ पासून स्पॅनिश सत्ता आणि पाद्री तेथे होतेच. नेमके याच काळात काय बदलले ते पाहा. १८३४ मध्ये मनिला बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. १८५६ मध्ये इलोइलोला ब्रिटिश उपवाणिज्यदूत म्हणून आलेल्या निकोलस लोनीने तेथील चौकड्यांची नक्कल केलेले मँचेस्टरचे स्वस्त सुती कापड आणून विकले आणि पनायच्या विणकरांचा धंदा बसवला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू होऊन युरोपातील फॅशन आठवड्यांत पोहोचू लागली. बाहेरच्या वस्त्राला पिन्या परवडत नसले तरी आतल्या वस्त्राला गिरणीचा पांढरा कपडा परवडू लागला. फिलिपिनी लेखक होसे रिझालची ‘नोली मी तांगेरे’ ही कादंबरी १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली आणि तिच्या नायिकेवरून ज्याला पुढे ‘मारिया क्लारा’ म्हटले गेले तो पोशाख याच काळातला : बारो, साया, पान्युएलो, तापिस अशी चार नगांची जोडणी आणि त्यांच्या आत कोर्पिन्यो व नाग्वास. ताठ पट्ट्यांची युरोपीय काचोळी, म्हणजे कॉर्सेट, श्रीमंत घरांत होती. परंतु त्या हवामानात आणि शेतात राबणाऱ्या देहांवर ती फार पसरली नाही. या पोशाखातील तेवढीच गोष्ट मला निखळ नकलेची वाटते.

प्रश्न : मी महिलांना शिवणकाम आणि भरतकाम शिकवते. अमेरिकेतील जुन्या रात्रवस्त्रांच्या आणि आतल्या कपड्यांच्या छायाचित्रांखाली ‘फिलिपिन्समध्ये हाताने केलेले’ असा उल्लेख पाहण्यात येतो. हे काम कोणी केले आणि ते तेथे कसे सुरू झाले?
— एक वाचक, जालना

उत्तर : आपण या इतिहासाच्या मर्मावरच बोट ठेवले आहे. १८९८ मध्ये स्पेनच्या जागी अमेरिकेची सत्ता आली आणि १९०९ च्या अमेरिकी जकात कायद्याने फिलिपिन्सच्या मालाला अमेरिकेत करमुक्त प्रवेश मिळाला. फ्रान्समधून येणाऱ्या नाजूक भरतकामाच्या अंतर्वस्त्रांवर जकात होती. फिलिपिन्सच्या मालावर नव्हती. मठांतील नन्सनी शिकवलेले भरतकाम तेथील मुलींच्या हातांत आधीपासून होते. नव्या सरकारी शाळांत ते अभ्यासक्रमाचा भाग झाले आणि १९१२ मध्ये मनिलात घरगुती उद्योग शिकवणारी एक स्वतंत्र सरकारी संस्था उघडली गेली, जिच्यात प्रौढ स्त्रियांना शिकवून आपापल्या गावी पाठवले जाई. पहिल्या महायुद्धात युरोपचा पुरवठा आटला तेव्हा ही मागणी एकदम वाढली.

कामाची पद्धत आपल्या भागातील बिडीकाम करणाऱ्या महिलांना लगेच कळेल अशी होती. कापड बाहेरून येई, बहुधा ‘नैनसुख’ नावाची मऊ मलमल. हे नाव हिंदुस्थानातून गेलेले. कापड मात्र तोपर्यंत विलायती गिरण्यांचे झालेले होते. मनिलात किंवा थेट न्यूयॉर्कला ते बेतून, नक्षी छापून, गठ्ठे बांधले जात. मध्यस्थ बाई किंवा दलाल ते गठ्ठे बुलाकान, बातांगास, लागुना या प्रांतांतील गावांत घरोघर वाटत आणि पुरे झालेले नग मोजून घेत. पैसे नगावर मिळत. डाग पडला किंवा टाका सैल निघाला तर मजुरी कापली जाई. मग मनिलातील कार्यशाळेत धुणे, इस्त्री, फिती ओवणे आणि खोक्यात भरणे. लागुना प्रांतातील लुंबान आणि बातांगासमधील ताआल ही गावे आजही भरतकामासाठी ओळखली जातात, फरक एवढाच की आता तेथे प्रामुख्याने पुरुषांचे ‘बारोंग’ सदरे आणि लग्नाचे पोशाख भरले जातात.

यातील विसंगती नजरेआड करू नये. अमेरिकी गृहिणीच्या शयनगृहासाठी सर्वांत नाजूक टाके घालणाऱ्या गावच्या बाईच्या स्वतःच्या आतल्या कपड्यासाठी ‘काट्सा’, म्हणजे आयात पिठाच्या रिकाम्या पोत्यांचे जाड सुती कापड, वापरले जाई. ते उकळून, उन्हात टाकून पांढरे करावे लागे आणि तरीही गिरणीच्या छापाची पुसट अक्षरे पाठीमागे राहत. जुन्या पिढीच्या फिलिपिनी विनोदांत ही अक्षरे अजून येतात. मासिक पाळीसाठीच्या ‘पसादोर’ या कापडी घड्याही अशाच जुन्या कापडाच्या. १९४२ ते १९४५ या जपानी अंमलाच्या काळात तर कापडच मिळेनासे झाले, तेव्हा पडदे, चादरी आणि पोती यांतून बाहेरचे कपडेही निघू लागले.

हा धंदा पुढे संपला नाही, फक्त घरातून कारखान्यात गेला. १९६१ मध्ये आयात कापडावर काम करून ते परत निर्यात करणाऱ्या भरतकाम व कपडे उद्योगासाठी स्वतंत्र कायदा झाला. १९७० च्या दशकात बताआन प्रांतातील मारिवेलेस येथे निर्यात क्षेत्र उभे राहिले, जेथे कामगारांत तरुण मुलींचा भरणा होता. २००९ मध्ये मनिलाला लागून असलेल्या तगिग येथील ट्रायम्फ या अंतर्वस्त्रांच्या कंपनीचे कारखाने बंद झाले आणि दीड हजाराहून अधिक जणांचे काम गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांच्या संघटनेने कारखान्याच्या फाटकाबाहेर दीर्घ काळ ठाण मांडले. भरतकामाचे कौतुक करणाऱ्या सचित्र पुस्तकांत हा भाग क्वचितच येतो. माझ्या मते तो त्याच कथेचा भाग आहे.

प्रश्न : फिलिपिन्समधील मुस्लिम आणि डोंगरी समाजांच्या स्त्रियाही हेच कपडे घालत काय?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : नाही. वर सांगितलेली कथा मुख्यतः लुझोन आणि मधला व्हिसायास बेटसमूह येथील ख्रिस्ती झालेल्या मैदानी समाजाची आहे. मिंदानाओ बेटावरील मरानाव आणि मागिंदानाव समाजांत ‘मालोंग’ हे दोन्ही टोके शिवून नळीसारखे केलेले मोठे वस्त्र आहे. ते कमरेला गुंडाळता येते, छातीवर बांधता येते, खांद्यावरून सोडता येते. त्याच्या आत उभे राहून कपडे बदलता येतात, ते अंगावर ठेवूनच नदीवर स्नान करता येते, रात्री तेच पांघरूण होते आणि लहान मूल झोपवायला त्याचीच झोळी होते. व्हिसायासमधील ‘पताद्योंग’ हे त्याचेच चौकड्यांचे भावंड. असे वस्त्र असताना आतले आणि बाहेरचे ही विभागणी ज्या अर्थाने आपण करतो त्या अर्थाने करताच येत नाही.

उत्तर लुझोनच्या कॉर्डिलेरा डोंगरांत स्त्रिया हातमागावर विणलेले आडव्या पट्ट्यांचे आखूड तापिस नेसत आणि विसाव्या शतकाच्या आरंभीपर्यंत अनेक गावांत वरचे अंग उघडे असे. अमेरिकी अधिकाऱ्यांनी आणि मासिकांनी त्यांची छायाचित्रे भरपूर छापली, आणि ती छापताना शास्त्राचे नाव पुढे केले. १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात या डोंगरी लोकांना आणून मांडले तेव्हा पुरुषांच्या ‘बाहाग’ या लंगोटावरून असा गहजब झाला की त्यांना तुमानी घालाव्यात की नाही हा प्रश्न वॉशिंग्टनपर्यंत गेला. शेवटी लंगोटच राहिला, कारण तिकिटे त्यावरच खपत होती. दुसऱ्याच्या अंगावरचे वस्त्र मोजणाऱ्यांच्या सभ्यतेविषयी हा प्रसंग पुरेसे सांगतो.

प्रश्न : मी महाविद्यालयात इतिहास शिकते. अमेरिकी काळात ब्रा आणि आधुनिक अंतर्वस्त्रे आली असे समजायचे काय? आणि आजच्या फिलिपिनी मुलींच्या वापरात जुन्यातले काही उरले आहे काय?
— एक विद्यार्थिनी, हिंगोली

उत्तर : होय, ढोबळमानाने तसे समजता येईल. मेरी फेल्प्स जेकबला तिच्या ब्राचे अमेरिकी पेटंट १९१४ मध्ये मिळाले आणि नंतरच्या दोन दशकांत शाळा, कचेऱ्या, चित्रपट आणि अमेरिकी दुकानांच्या जाहिराती यांतून हे नवे कपडे मनिलाच्या सुशिक्षित वर्गात आले. लक्षात घेण्यासारखी बाब ही की त्याच काळात बाहेरचा पोशाख मात्र मुद्दाम देशी राखला गेला. पुरुष नेते कोट-पाटलोण घालत असताना मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रिया फुगीर बाह्यांचा ‘तेर्नो’ आणि पान्युएलो घालूनच सभांना जात. ३० एप्रिल १९३७ च्या सार्वमतात ४,४७,७२५ स्त्रियांनी अनुकूल कौल देऊन तो हक्क मिळवला. बाहेरून राष्ट्रीय आणि आतून अमेरिकी, असा हा पोशाख होता, आणि त्यात त्या स्त्रियांना काही विसंगत वाटले नाही; वाटण्याचे कारणही नव्हते.

खरा बदल झाला तो शिंप्याच्या हातून. रामोन वालेरा (१९१२–१९७२) या वेशभूषाकाराने १९४० च्या दशकाच्या आरंभी चार नगांचा पोशाख एकसंध केला, कंबर घट्ट बेतली आणि पाठीला हुकांऐवजी झिप लावली. पान्युएलो गेला, सुटा बारो गेला, आणि अंगाचा घाट बाहेरच्या कापडातून जसाच्या तसा दिसू लागल्यामुळे आत ब्रा, कमरपट्टा आणि स्लिप अनिवार्य झाले. वालेराला २००६ मध्ये राष्ट्रीय कलावंताचा बहुमान मरणोत्तर मिळाला. पुढे राष्ट्राध्यक्ष फर्दिनांद मार्कोसची पत्नी इमेल्दा मार्कोस हिने तेर्नोला जगभर मिरवले. फेब्रुवारी १९८६ मध्ये मार्कोस कुटुंब देश सोडून पळाल्यावर राजवाड्यात सापडलेल्या सामानात जोड्यांखेरीज शेकडो काळ्या ब्रा आणि एक गोळीरोधक ब्रा असल्याच्या बातम्या तेव्हा झळकल्या. जोडे तेवढे लोकांच्या लक्षात राहिले.

जुन्यातले काय उरले, याचे उत्तर शाळेच्या गणवेशात सापडते. पांढऱ्या पातळ ब्लाऊजच्या आत सँडो किंवा कामिसोन घालण्याची शिस्त तेथील मुलींना घरातून आणि शाळेतून शिकवली जाते, आणि पिन्याच्या बारोखाली जे कारण होते तेच येथे आहे. दैनंदिन खरेदी मात्र पूर्णतः बदलली. सो-एन हा देशी ब्रँड तेथे इतका घरोघरचा आहे की त्याचे नाव घेताच प्रत्येकीला आपली आई आठवते. १९७८ मध्ये तेथे आलेली एव्हॉन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी ब्रा आणि चड्ड्यांची मोठी विक्रेती झाली, कारण तिची विक्रेती म्हणजे शेजारीण, शिक्षिका किंवा कार्यालयातील सहकारी असते. ती कॅटलॉग घेऊन येते, माप कुजबुजत नव्हे तर गप्पांच्या ओघात विचारते, आणि पैसे ‘हुलुगान’ने, म्हणजे हप्त्याहप्त्याने, पगाराच्या दिवशी घेते. आपल्या तालुक्याच्या गावी अजूनही काउंटरमागे बहुधा पुरुष असतो, ग्राहक स्त्री माप सांगण्याऐवजी बोट दाखवते आणि वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून मिळते. योग्य मापाची ब्रा न वापरण्यामागे या दुकानाची मांडणी हेही एक कारण आहे, असे मी कोणत्याही संकोचाविना म्हणेन. आपल्या बचत गटांनी ही वस्तू विक्रीस घेतली तर गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.